जुन्या तीन-वे पेट्यांना नवा वूफर: इंच बघून नव्हे, पेटी मोजून

सोलापूरच्या साखर पेठेतून आलेला प्रश्न थोडक्यात असा: घरात १९७८-८० च्या सुमाराच्या स्पीकरच्या दोन तीन-वे पेट्या आहेत. खालच्या सुरांना १० इंची वूफर, मधल्यांना ५ इंची मिड, वरच्यांना कागदी कोनाचा (हलणाऱ्या शंकूचा) ट्वीटर. पेटी चारी बाजूंनी बंद. एका वूफरची फोमची कड भुगा होऊन गळाली आहे, दुसऱ्याची कॉइल मल्टिमीटरवर ओपन, म्हणजे तार तुटलेली, दाखवते, दोन्ही ट्वीटर मंद झाले आहेत. अॅम्प्लिफायर त्याच काळातला, मागे ८ ओहम लिहिलेला. एक दुकानदार गाडीचे १० इंची सबवूफर बसवून द्यायला तयार आहे. मांडवाचे स्पीकर दुरुस्त करणारा म्हणतो, नवा कोन टाकून देतो. कमी खर्चात काय करावं?

या दोन्हींपैकी काहीच लगेच करू नका. आधी वूफर खरंच गेले आहेत का ते बघा. गेले असतील तर नवा ड्रायव्हर पेटीच्या आतल्या जागेवर बेतून निवडा. १० इंची भोकात कुठलाही १० इंची स्पीकर बसतो. पण बसणं वेगळं आणि वाजणं वेगळं.

कॉइल ओपन दाखवणाऱ्या वूफरपासून सुरुवात करा. तो बाहेर काढा. मागच्या टर्मिनल पट्टीपासून कोनापर्यंत दोन विणलेल्या लवचिक तारा जातात, त्या टिन्सल वायर. तार कोनाला मिळते तिथे गोंदाचा काळा ठिपका असतो. तो ब्लेडच्या टोकाने अलगद खरवडा आणि तांबं चमकलं की मीटरच्या दोन्ही सुया त्या दोन ठिपक्यांवर टेकवा. ५.५ ते ७ ओहम आले तर कॉइल जिवंत आहे. तुटली आहे ती बाहेरची तार. वर्षानुवर्षं हलून टिन्सल वायर आतल्या आत तुटते आणि वरची वीण शाबूत दिसते, म्हणून डोळ्यांना फसायला होतं. नवी तार भंगारातल्या दुसऱ्या स्पीकरची काढून घ्या. साधी प्लास्टिकची वायर लावली तर थोड्याच दिवसांत तुटते. डाग देताना सोल्डर कमीत कमी वापरा: जास्त झालं की ते विणीत चढतं, तेवढा भाग कडक होतो आणि तार नेमकी तिथेच मोडते. जुन्या तारेला जेवढी ढील होती तेवढीच ठेवा.

आता फोम गळालेला वूफर. ही बहुधा सर्वांत स्वस्त दुरुस्ती आहे, कारण मरतो तो फक्त फोम. कॉइल, चुंबक, कोन ठीक असतात. पॉलियुरेथेन फोम ओलाव्याने आणि हवेतल्या ऑक्सिजनने तुटत जातो. पेट्या वापरा किंवा नुसत्या झाकून ठेवा, साधारण १० ते २० वर्षांत तो जातोच, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणारं तापमान त्याला आणखी घाई करतं. नवी कड मागवताना ‘१० इंची’ एवढं सांगून चालत नाही. चार मापं घ्या, पहिली तीन मिलिमीटरमध्ये: बास्केटच्या (स्पीकरच्या धातूच्या सांगाड्याच्या) ज्या पट्टीवर कड चिकटते तिचा बाहेरचा व्यास, तिचाच आतला व्यास, कोनाचा बाहेरचा व्यास आणि कोनाच्या काठाचा उतार (अंशांत). जुनी कड कोनाच्या पुढून चिकटली होती की मागून, तेही लिहून ठेवा.

कड बदलण्याआधी कोन घासतो का ते तपासा. दोन्ही हातांची बोटं डस्ट कॅपभोवती (कोनाच्या मधोमध असलेल्या टोपीभोवती) समान अंतरावर ठेवून कोन हळूच आत दाबा आणि कान जवळ न्या. खरखर आली तर कॉइलच्या फटीत काहीतरी आहे किंवा कॉइल वाकडी झाली आहे. यंत्रमागाच्या परिसरातल्या घरांत सुताचे बारीक तंतू हवेत असतात. फोम फाटला की ते आणि फोमचा चिकट चुरा मिळून मागून आत जातात आणि फटीत बसतात. डस्ट कॅप धारदार ब्लेडने कडेकडेने कापून उचला. पातळ कार्डाच्या पट्टीवर मास्किंग टेप चिकट बाजू बाहेर ठेवून गुंडाळा, फटीतून फिरवा, टेप बदलत राहा. फुंकर किंवा कॉम्प्रेसर मारू नका, कचरा खाली जातो. काम थांबवताना फट टेपने बंद करा, कारण लोखंडाचा एक कण चुंबकाने ओढला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. चुंबक मात्र उघडू नका. जुन्या अल्निको चुंबकाची जोडणी सुटली की त्याची ताकद उतरते आणि पुन्हा चुंबकित केल्याशिवाय परत येत नाही.

चिकटवण्याचा क्रम असा: जुना गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओला करून लाकडी किंवा प्लास्टिकच्या पातीने खरवडा. कागदी कोनावर फोम लावायला पांढरा फेविकॉल चालतो. तो सावकाश सुकतो आणि जागा सुधारायला वेळ देतो. रबरी कडेला तो धरत नाही, तिथे फेविबाँडसारखा रबर-आधारित गोंद लागतो. आधी कड फक्त कोनाला लावा आणि पूर्ण सुकू द्या. मग कॉइल मध्यावर आणण्यासाठी आतल्या लोखंडी खांबाभोवती जुन्या एक्स-रे फिल्मच्या सारख्या जाडीच्या चार पट्ट्या समोरासमोर घाला आणि बाहेरची कड बास्केटला चिकटवा. २४ तासांनी पट्ट्या काढा, कोन दाबून घासत नाही याची खात्री करा, मगच डस्ट कॅप लावा. रबरी कड जास्त टिकते, पण ती जड असते. कोनाची नैसर्गिक कंपनसंख्या आणि आवाज दोन्ही थोडे खाली येतात. त्यामुळे लावायची तर दोन्ही पेट्यांना रबरी लावा. एकीकडे फोम, एकीकडे रबर असं नको.

मांडवाचे स्पीकर भरणाऱ्या कारागिराबद्दल. त्यांचं काम उत्तम असतं, पण वेगळ्या गरजेसाठी. गड्ड्याच्या यात्रेत किंवा गणपतीच्या मिरवणुकीत मोठा आवाज लांबपर्यंत पोचवायचा असतो. त्या कोनाचा कागद जाड, कड कापडी आणि कडक, स्पायडर (कॉइलला मध्यावर धरणारी लवचिक चकती) ताठ. तुमच्या वूफरमध्ये तो संच बसवला तर कोन जेमतेम हलेल, खालचे सूर जातील आणि हार्मोनियमचा खर्ज पोकळ ऐकू येईल. त्यांच्याकडून कॉइल गुंडाळून घ्यायची असेल तर जुन्या कॉइलचा व्यास, तारेची जाडी, वेढ्यांची उंची आणि थर हुबेहूब ठेवायला सांगा आणि जुना कोन, जुना स्पायडर परत वापरायला लावा.

हे सगळं करून कॉइल खरोखर जळलेलीच निघाली, तर नवा ड्रायव्हर. तो जोडीनेच घ्या. एका पेटीत जुना आणि एका पेटीत नवा असला की गायकाचा आवाज मध्यभागी न राहता सुराप्रमाणे इकडेतिकडे सरकतो. चांगला राहिलेला जुना वूफर टाकू नका, कधीतरी त्याचा जोडीदार मिळतो.

निवडीसाठी तीन आकडे लागतात. एफएस म्हणजे ड्रायव्हरची मोकळ्या हवेतली नैसर्गिक कंपनसंख्या. क्यूटीएस म्हणजे त्या कंपनावर चुंबक आणि लवचिक भाग मिळून किती लगाम घालतात त्याचं माप. आकडा लहान तर लगाम घट्ट. व्हीएएस म्हणजे कोनाच्या लवचिकतेइतकी लवचिकता किती लिटर हवेत असते ते. हे गणित नेव्हिल थील यांनी ऑस्ट्रेलियात १९६१ मध्ये मांडलं आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७२-७३ मध्ये पूर्णत्वाला नेलं. तुमच्या वयाच्या वूफरवर हे आकडे छापलेले सहसा सापडत नाहीत. आज डेटन ऑडिओ, पीअरलेस, एसबी अकूस्टिक्स यांच्या ड्रायव्हरसोबत मात्र हा तक्ता मिळतो.

पेटीची आतली मापं सेंटिमीटरमध्ये घ्या, गुणा, १००० ने भागा. समजा ५५ × ३० × २७ आली, म्हणजे साधारण ४४.५ लिटर. ड्रायव्हर, लाकडी पट्ट्या आणि मिडची डबी यांचे साडेतीन लिटर वजा केले की ४१ उरतात. आता व्हीएएस भागिले ४१, त्यात १ मिळवा, त्याचं वर्गमूळ काढा. त्या आकड्याने क्यूटीएस गुणला की पेटीतला क्यू मिळतो आणि एफएस गुणला की पेटीतली कंपनसंख्या, जिच्याखाली आवाज उतरत जातो.

उदाहरणादाखल तीन प्रकारचे आकडे घेऊ. घरगुती हाय-फाय वूफर: एफएस ३०, क्यूटीएस ०.३८, व्हीएएस ९०. वर्गमूळ १.७९, म्हणून क्यू ०.६८ आणि कंपनसंख्या ५४ हर्ट्झ. हा तुमच्या पेटीचा. मांडवाचा ड्रायव्हर: एफएस ६०, क्यूटीएस ०.३५, व्हीएएस ५०. वर्गमूळ १.४९, क्यू ०.५२, कंपनसंख्या ८९. तबल्याचा बायाँ हरवला. गाडीचा वूफर: एफएस ३५, क्यूटीएस ०.७५, व्हीएएस ६०. क्यू जवळपास १.१८, म्हणजे ५५ हर्ट्झच्या आसपास एकच घुमारा आणि प्रत्येक गाण्यात तोच. बंद पेटीत ०.७ सर्वांत सपाट, ०.९ पर्यंत कानाला गोड लागतं, काहींना तेच आवडतं. १.१ च्या पुढे जाऊ नका.

गाडीच्या स्पीकरला दुसरी मोठी अडचण ओहमची. ते बहुतेक ४ ओहमचे असतात. ८ ओहमवर बेतलेल्या जुन्या अॅम्प्लिफायरमधून तेवढ्याच व्हॉल्यूमला दुप्पट करंट ओढला जातो. हिवाळ्यात कदाचित निभेल, मे महिन्यात आउटपुट ट्रान्झिस्टर जातील. ‘मग सिरीजमध्ये ४ ओहमचा रेझिस्टर लावू’ हा सल्ला सर्रास मिळतो आणि तो चुकीचा आहे: निम्मी ताकद रेझिस्टर तापवण्यात जाते आणि वूफरवरचा अॅम्प्लिफायरचा ताबा सुटून घुमारा आणखी वाढतो. शिवाय गाडीच्या सबवूफरची संवेदनशीलता बऱ्याचदा ८४-८६ डेसिबल असते, जुन्या घरगुती वूफरची ९० च्या घरात. दर ३ डेसिबलला दुप्पट वॅट लागतात, म्हणजे ६ डेसिबलच्या फरकाला चौपट. मिड आणि ट्वीटर पुढे ओरडतील, वूफर मागे राहील.

स्वस्त ड्रायव्हर बहुधा तक्त्याशिवाय मिळतो. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची तपकीर गल्ली, हैदराबादच्या कोटीतली गुजराती गल्ली या तिन्ही बाजारांना सोलापूरहून थेट रेल्वे आहे. तिथे वजनाला भारी, दिसायला देखणा माल भरपूर असतो. चुंबकाच्या आकारावरून काहीही ठरवू नका. आधी एकच नग घेऊन घरी मोजा, पटला तरच जोडी पुरी करा.

मोजायला अॅम्प्लिफायर, मोबाइलवरचं टोन जनरेटर अॅप, १ किलो-ओहमचा रेझिस्टर आणि २ व्होल्ट एसी रेंज असलेला मीटर पुरतो. अॅम्प्लिफायरच्या आउटपुटमधून १ किलो-ओहम सिरीजमध्ये घेऊन ड्रायव्हरला जोडा. आधी ड्रायव्हरच्या जागी १० ओहमचा रेझिस्टर लावून आवाज असा ठेवा की त्याच्या दोन टोकांत १०० मिलिव्होल्ट यावेत. मग १० मिलिव्होल्ट म्हणजे १ ओहम. आता ड्रायव्हर मोकळ्या हवेत धरून २० ते १०० हर्ट्झ सरकवा. मीटर जिथे सर्वांत वर जाईल ती एफएस. समजा ३२ हर्ट्झला ४२ ओहम आले आणि डीसी रेझिस्टन्स ६.२ आहे. ४२ ला ६.२ ने भागलं की ६.७७, त्याचं वर्गमूळ २.६. ६.२ × २.६ म्हणजे १६.१ ओहम शिखराच्या दोन्ही बाजूंना कुठे येतात ते शोधा. समजा २० आणि ५१ हर्ट्झला. या दोन आकड्यांचा गुणाकार एफएसच्या वर्गाजवळ यायला हवा, इथे १०२० आणि १०२४, म्हणजे मोजणी बरोबर आहे. आता ३२ × २.६ ला ३१ या फरकाने भागा: २.६८. त्याला ६.७७ ने भागा: क्यूटीएस ०.४. मग तोच ड्रायव्हर तुमच्या पेटीत घट्ट बसवून शिखर पुन्हा शोधा. ते ५६ हर्ट्झला सरकलं तर ५६ भागिले ३२ म्हणजे १.७५ पट. क्यूसुद्धा साधारण तितकाच वाढतो, ०.७. व्हीएएस वेगळं काढायची गरजच उरली नाही.

नवा ड्रायव्हर सुरुवातीला ताठ असतो. मोजण्याआधी २५ हर्ट्झवर, कोन स्पष्ट हलेल पण ठोकणार नाही इतक्या आवाजात, काही तास चालवा; एफएस थोडी खाली उतरते.

बसवणं. दोन कंपन्यांच्या १० इंची बास्केटमध्ये भोकाचा व्यास आणि स्क्रूचं वर्तुळ जुळेलच असं नाही. पेटीचं मूळ भोक वाढवण्यापेक्षा १२ मिमी प्लायची रिंग करून मध्ये घाला, म्हणजे पेटी मूळची मूळ राहते. कापाकापी ड्रायव्हरपासून लांब करा, भुसा आणि लोखंडाचा चुरा दोन्ही घातक. रिंगखाली आणि बास्केटखाली फोमची टेप लावा. स्क्रू आवळताना एक हात कोनावर आडवा धरा: चुंबक स्क्रूड्रायव्हर ओढून घेतो आणि टोक थेट कोनातून आरपार जातं. नवे कोन असेच फाटतात.

मिड बदलायचा असेल तर जुना मागून बंद होता का ते बघा. उघडा मिड बसवला तर वूफरची हवा त्याचा कोन ढकलत राहते. १६० मिमी पीव्हीसी पाइपचा १५ सेंटिमीटरचा तुकडा, मागे टोपण, आत थोडं वॅडिंग एवढ्याने काम होतं. ती जागा पेटीच्या लिटरमधून वजा करायला विसरू नका.

ट्वीटर मंद होण्याचं कारण बऱ्याचदा ट्वीटर नसतोच, क्रॉसओव्हरमधला (सूर तिन्ही स्पीकरांत वाटून देणाऱ्या सर्किटमधला) कंडेन्सर असतो. त्या काळी नॉन-पोलर इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वापरत. ते आतून वाळतात, आणि दर १० अंशांनी तापमान वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. एक टोक सोडवून मोजा. त्यावर लिहिलेल्या मायक्रोफॅरडच्या आकड्यापासून १५ टक्क्यांहून जास्त हलला असेल तर दोन्ही पेट्यांतले बदला. जागी २५० व्होल्टचे पॉलिप्रॉपिलिन घ्या, पॉलिस्टरही चालतील. जास्त मायक्रोफॅरडचा असा फिल्म कंडेन्सर परवडत नसेल तर नवा नॉन-पोलर घ्या. थोडक्या पैशांत सर्वांत मोठा फरक पडतो तो इथे, म्हणून ट्वीटर विकत घेण्याआधी हे करा.

तरीही ट्वीटर लागलाच तर ८ ओहमचाच घ्या. ४.७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ८ ओहमला साधारण ४२०० हर्ट्झखालचे सूर कापतो. ४ ओहमचा ट्वीटर लावला की तोच ८५०० च्या खालचे कापू लागतो आणि मधले सूर गायब होतात. सिल्क डोम (रेशमी घुमटाचा ट्वीटर) घेत असाल तर एकट्या कंडेन्सरवर सोडू नका, मोठ्या आवाजात खालचे सूर आत शिरून कॉइल जळते. ३.३ मायक्रोफॅरड सिरीजमध्ये आणि ०.४५ मिलिहेन्रीची एअर-कोअर (आत लोखंड नसलेली) कॉइल ट्वीटरला पॅरलल लावली की ४००० हर्ट्झच्या आसपास दुप्पट उताराचा क्रॉसओव्हर होतो. ही कॉइल वूफरच्या चुंबकापासून दूर आणि दुसऱ्या कॉइलशी काटकोनात ठेवा. ट्वीटर चढा वाटला तर ३ डेसिबल कमी करायला २.२ ओहम सिरीजमध्ये आणि २२ ओहम पॅरलल. ६ डेसिबलला ३.९ आणि ८.२. रेझिस्टर ५ किंवा १० वॅटचे सिमेंटचे घ्या आणि कंडेन्सरला चिकटवून ठेवू नका, तापतात.

पोलॅरिटी (प्लस-मायनसची दिशा) वूफरला १.५ व्होल्टच्या सेलने बघा: प्लस लाल टर्मिनलला लावल्यावर कोन बाहेर यावा. ट्वीटरवर सेल लावू नका. दुप्पट उताराच्या क्रॉसओव्हरमध्ये ट्वीटर उलटा जोडल्यावर जास्त एकसंध ऐकू येतो, असं पुष्कळदा होतं. दोन्ही प्रकारे ऐका आणि ४००० हर्ट्झच्या आसपास भरीव वाटेल तो ठेवा, दोन्ही पेट्यांत सारखाच.

आत भरायला रजईतली पॉलिस्टर वॅडिंग सैलसर पसरा. कोंबून भरली तर उलटा परिणाम होतो. बंद पेटीची हवा कुठून निसटते ते उदबत्तीने कळतं: ३० हर्ट्झचा टोन मध्यम आवाजात लावा आणि उदबत्ती सांध्यांवरून, टर्मिनल पट्टीवरून हळूहळू फिरवा. धूर जिथे थरथरतो तिथे सिलिकॉन भरा, पण ते सुकेपर्यंत वूफर बाहेर ठेवा, त्याची वाफ गोंदाला आणि फोमला चांगली नाही.

जाळीचं कापड फाटलं असेल तर सोलापुरी चादरीचा तुकडा लावण्याचा मोह टाळा. ती वीण घट्ट आणि जाड आहे, वरचे सूर तिथेच अडतात. तोंडाजवळ धरून फुंकर मारली तर वारा सहज पलीकडे जाईल असं पातळ कापड घ्या.

पहिल्यांदा अॅम्प्लिफायरला जोडताना प्रत्येक पेटीच्या प्लसमध्ये २ अॅम्पियरचा फास्ट फ्यूज घाला. बास आणि ट्रेबल मध्यावर ठेवून तासभर हलक्या आवाजात वाजवा आणि अॅम्प्लिफायरच्या हीटसिंकला हात लावून बघा. हात टिकत नसेल तर बंद करून पेटीच्या टर्मिनलवर मीटर लावा. ५ ओहमच्या खाली आकडा आला तर क्रॉसओव्हरची जोडणी चुकली आहे.